तिसऱ्या रांगेतला खोकला

माझी थोरली बहीण पियानो वाजवायची. हौस म्हणून नव्हे, पोटासाठी. लोक तिकीट काढून सभागृहात यायचे आणि ती लांब काळा झगा घालून स्टेजवर एकटी बसायची. पोस्टरवर तिचं नाव मधल्या आकाराच्या अक्षरांत असायचं. मोठ्या अक्षरांत जाण्याइतकी ती कधी प्रसिद्ध झाली नाही आणि बारीक अक्षरांत कधी घसरलीही नाही. हे तिने चौतीस वर्षं सांभाळलं. त्यातली शेवटची चोवीस वर्षं मी तिच्यासाठी खोकत होते.

हे लोकांना दोनदा सांगावं लागतं, म्हणून पहिल्यापासूनच सांगते.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायचो. आई मी चार वर्षांची असताना गेली. वडील पाणीपुरवठा खात्यात होते, घरोघरी जाऊन मीटर वाचायचे. बंद पडलेल्या एका शाळेतला जुना उभा पियानो त्यांनी ताईसाठी आणला. तो जिन्यातून वर नेण्यासाठी कठडा काढावा लागला, आणि तरीही दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो एक दिवस अडकून पडला. त्या दिवशी वरच्या मजल्यावरचे लोक त्याच्यावर चढून घरी गेले. शेवटी तो आमच्या बाहेरच्या खोलीत आला आणि भिंतीला लागला. भिंतीच्या दुसऱ्या बाजूला माझा पलंग होता, उशी नेमकी जाड सुरांच्या बाजूला. मी संगीत शिकले नाही. मला ते पाठीमागून मिळालं.

पियानो आल्यावर ताईची बोटं ही घरातली सगळ्यांत किमती वस्तू झाली. तिने पाव कापायचा नाही, डब्याची घट्ट झाकणं उघडायची नाहीत, गरम भांडं उचलायचं नाही, दारं सुद्धा कोपराने ढकलायची. घरात चाकू एकच होता आणि तो माझा होता. ताई बिचारी मदतीला यायची, नाही असं नाही. स्वयंपाकघराच्या दारात हात पाठीमागे बांधून उभी राहायची आणि म्हणायची, "मी काय करू सांग." मी सांगायचे, "जा, वाजव."

ताईच्या शिक्षिकेला आम्ही नुसतं 'बाई' म्हणायचो. बाईंचा एकच नियम होता: थांबायचं नाही. सूर चुकला, पुढे जा. दिवे गेले, अंधारात वाजवा. स्पर्धेत जो थांबतो तो घरी जातो, आणि कार्यक्रमात जो थांबतो त्याला पुन्हा कुणी बोलावत नाही. नियम अंगवळणी पडावा म्हणून बाईंनी घरच्यांना कामाला लावलं. ताई एखादी रचना सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवत असताना आम्ही मध्येच दार आपटायचं, भांडी पाडायची, शिंकायचं, तिच्या कानाजवळ पत्ता विचारायचा. वडिलांना हे जमेना. ते दार हळूच लावायचे आणि मग "सॉरी" म्हणायचे. त्यामुळे गोंधळ घालणं हे खातं माझ्याकडे आलं. नऊ वर्षांच्या मुलीला रोज अर्धा तास पत्र्याची झाकणं फरशीवर टाकायला सांगणं म्हणजे काय चैन असते, हे वेगळं सांगायला नको.

एकदा मी वरच्या फळीवरचं मोठं पातेलं पाडण्यासाठी स्टुलावर चढले आणि पातेल्याबरोबर स्वतःही पडले. मनगट मोडलं. मी किंचाळले. ताईला वाटलं, आज धाकटीने फारच मनावर घेतलंय. रचना संपायला सात मिनिटं होती, ती तिने पूर्ण वाजवली. मी फरशीवर हात पोटाशी धरून ती सात मिनिटं ऐकली. शेवटचा सूर विरल्यावर ती वळून म्हणाली, "आज मी एकदाही अडखळले नाही!" मग तिचं माझ्या हाताकडे लक्ष गेलं आणि ती पांढरीफटक पडली. दवाखान्यात ती माझ्याहून जास्त रडली. पण बाईंना जेव्हा हे कळलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "म्हणजे आता ती तयार झाली." मला तेव्हा बाईंचा जो राग आला तो अजून आहे. बाई गेल्या, राग राहिला.

पुढे तेच होत गेलं. वडिलांना मूतखड्याच्या कळा यायच्या तेव्हा ते सोफ्यावर तोंडात रुमाल धरून पडायचे, कारण समोरच रियाज चालू असायचा. लग्न झाल्यावर मी माझी बॅग घेऊन घरातून निघाले, तेव्हा दोन दिवसांवर तिचा कार्यक्रम होता. मी दारात उभी राहिले. ताईने वाजवता वाजवता मान वळवून माझ्याकडे पाहिलं, डोळ्यांत पाणी, नाक लाल, आणि हात मात्र चालूच. आमचे हे खाली टॅक्सीपाशी उभे होते. ते म्हणाले, "बहीण भेटली का?" मी म्हटलं, "दिसली."

मला तिच्याकडून फार काही नको होतं. माझ्यासाठी एकदा, फक्त एकदा, तो पियानो थांबावा एवढंच वाटायचं. हे मी तिला कधी बोलले नाही. कशाला बोलायचं? तिने विचारलं असतं, "कुठल्या ओळीपाशी?"

आता खोकल्याचं सांगते.

ताईची एक हुकमी रचना होती. जुन्या काळातली, पस्तीस मिनिटांची, तीन भागांची. तिचं खरं नाव लांबलचक आहे. घरात आम्ही तिला 'मोठं' म्हणायचो. "आज काय, मोठं का?" असं वडील विचारायचे आणि कानांसाठी कापूस शोधायला लागायचे. 'मोठं'च्या पहिल्या भागात एक जागा आहे. तिथे एक सुरावट येते आणि वर चढून पुढे जाते. बरंच फिरून झाल्यावर तीच सुरावट पुन्हा येते, अगदी जशीच्या तशी, पण या वेळी तिने खाली उतरायचं असतं. खाली उतरलात की भाग संपतो. चुकून वर चढलात, तर तुम्ही परत सुरुवातीच्या रस्त्याला लागता, सगळं फिरून पुन्हा त्याच जागी येता आणि पुन्हा तोच प्रश्न समोर उभा. आमच्या इमारतीत दुसरा आणि तिसरा मजला हुबेहूब सारखे होते, वडील कधी कधी खालच्यांच्या दाराला किल्ली लावायचे, तसंच हे. पियानोवाले सगळे ही भीती मनात घेऊन जगतात. श्रोत्यांना यातलं काही ठाऊक नसतं.

ताई चौतीस वर्षांची असताना एका सभागृहात ती तिथे चुकली. मी तिसऱ्या रांगेत होते. मला नोटेशनमधलं एक टिंब वाचता येत नाही. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करते. पण 'मोठं' मी भिंतीतून हजार वेळा ऐकलेलं आहे. उतरायच्या जागी सुरावट वर चढली, हे मला लगेच कळलं. आजूबाजूला पाहिलं तर सगळे डोळे मिटून तल्लीन. ताई सगळा फेरा मारून परत आली आणि पुन्हा वर चढली. तिच्या मानेवर घाम दिसत होता. थांबणं तर शक्य नव्हतं, तिला थांबायला शिकवलंच नव्हतं. मला वाटलं, आता ही म्हातारी होईपर्यंत इथेच फिरत बसणार आणि रोज मी डबा आणून देणार. तिसऱ्यांदा ती जागा जवळ आली तेव्हा भीतीने माझा घसा कोरडा पडला आणि मी खोकले. ताई दचकली. आणि खाली उतरली.

अकरा मिनिटांचा भाग त्या दिवशी तेवीस मिनिटं चालला. पेपरात एका समीक्षकांनी लिहिलं की वादिकेने पहिल्या भागाला दिलेला प्रशस्त अवकाश हल्लीच्या घाईगर्दीच्या काळात दुर्मीळ आहे.

कार्यक्रमानंतर मी आत गेले तेव्हा ताई बेसिनपाशी उलटी करत होती. तोंड धुऊन तिने मला विचारलं, "तू खोकलीस ना?"

"घसा सुकला होता गं."

"पुढच्या वेळीही खोक. तिथेच. दुसऱ्यांदा आलं की, वळणाच्या जरासं आधी. एकदाच."

"अगं, समोर नोटेशनचं पुस्तक ठेव की सरळ."

यावर ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. त्यांच्या धंद्यात एकट्याने स्टेजवर बसून पुस्तक बघून वाजवणं म्हणजे नटाने कागद हातात धरून नाटक करण्यासारखं. ती उपाशी राहिली असती, पण पुस्तक ठेवलं नसतं.

तर मी खोकायला लागले. वर्षाला पंधरा-वीस वेळा, जिथे 'मोठं' असेल तिथे. दुकानात रजा टाकायचे, बस पकडायचे, तिसऱ्या रांगेत डावीकडच्या टोकाला बसायचे आणि योग्य वेळी खोकायचे. हे वाटतं तितकं सोपं नाही. फार हळू खोकलं तर स्टेजपर्यंत पोचत नाही, जोरात खोकलं तर लोक दवाखान्याचं नाव सुचवतात. मी न्हाणीघरात सराव करायचे. आमचे हे लिफ्टचे मेकॅनिक, त्यांना यंत्राचा आवाज कळतो. ते बाहेरून सांगायचे, "हा जरा ओला झाला. कोरडा काढ."

माझी कीर्ती ताईच्या पुढे गेली. डोअरकीपर मला आत सोडताना हातावर खोकल्याच्या गोळ्या ठेवायचे. वर्षाचा पास काढलेल्या एका बाईंनी केवळ माझ्यामुळे जागा बदलून घेतली. एका सभागृहात भिंतीवर पाटी लागली: कृपया खोकू नये. ती कुणासाठी होती हे मॅनेजरने मला पाटीकडे बोट दाखवून सांगितलं. पेपरातले ते समीक्षक एकदा लिहून गेले की या वादिकेच्या नशिबी तिसऱ्या रांगेतली एक असंस्कृत बाई कायमची आलेली आहे. ते कात्रण ह्यांनी फ्रेम करून आणलं. मी ते कपाटाच्या आतल्या बाजूला लावलं. मला वाईट वाटत होतं, पण फ्रेम चांगली होती.

ताईची सीडी निघाली, तेव्हा आत आभारांची यादी छापली होती. बाई होत्या, वडील होते, पियानोचे सूर जुळवणारे गृहस्थ होते, पियानो हलवणाऱ्या कंपनीचंही नाव होतं. मी नव्हते. मी विचारलं तर ताई गोंधळून म्हणाली, "अगं, तुझे आभार मानले तर लोक विचारतील कशाबद्दल." बरोबर होतं तिचं. पण त्या रात्री मी ह्यांच्याशी उगाचच भांडले.

अठ्ठावन्नाव्या वर्षी ताईच्या अंगठ्याचे सांधे आखडले. डॉक्टरांनी हात वर केले. तिने ठरवलं, 'मोठं' शेवटचं एकदा वाजवायचं आणि संपवायचं. रविवारी दुपारचा कार्यक्रम, शहरातलं सगळ्यांत मोठं सभागृह, रेडिओवर थेट प्रक्षेपण. पोस्टरवर त्या वेळी तिचं नाव पहिल्यांदाच मोठ्या अक्षरांत आलं, कारण दुसरं कुणी नव्हतंच.

बारा दिवस आधी मी आजारी पडले. छाती भरली, ताप आला. ताप गेला, पण खोकला राहिला. मी ताईला फोन केला.

"ताई, मला खोकला झालाय."

"बरं मग?"

"अगं, खरा झालाय."

 मग तिने विचारलं, "किती?"

"सतत. दर मिनिटाला. मी येत नाही. तू बिनधास्त वाजव, तुला आता सगळं येतं."

"तू नसलीस तर मी बसणार नाही." तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. "औषध घे. बाकीचे दाबून ठेव. एक तेवढा काढ."

आमच्या डॉक्टरीणबाईंनी घरी पडून राहायला सांगितलं होतं. हे म्हणाले, "रेडिओ लावू आणि घरूनच खोक." पण मी गेले. बाटलीतलं औषध तीन चमचे घेतलं, तोंडात गोळी, दोन्ही हातांत रुमाल. डोअरकीपरने माझ्याकडे पाहिलं आणि खिशातल्या सगळ्या गोळ्या देऊन टाकल्या.

ताई आली, वाकली, बसली. 'मोठं' सुरू झालं. पहिली नऊ मिनिटं मी कशी काढली ते माझं मला माहीत. छातीत कोणी तरी आतून दार ठोठावत होतं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, रुमाल दातांत. वाजवणं बरं चाललं होतं की वाईट, मला सांगता येणार नाही. मी फक्त मात्रा मोजत होते. ती सुरावट दुसऱ्यांदा आली. मी रुमाल बाजूला केला, तोंड उघडलं आणि खोकायला गेले.

खोकला आलाच नाही. इतका वेळ कोंडलेला, तो ऐन वेळी गायब. घशातून हवेचा फुसका आवाज निघाला, तो मलाही नीट ऐकू आला नाही. ताईने क्षणभर वाट पाहिली. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, मला कळलं. आणि ती वर चढली.

पुन्हा सगळा फेरा. तिचा उजवा अंगठा ताठ होत चालला होता, चेहरा दगडासारखा. मी मनात म्हणत होते, आता येऊ दे, आता येऊ दे. आणि ती जागा यायच्या बरंच आधी तो आला. एक नाही, दोन नाही. मी थांबवू शकेना. श्वास आत जाईना. समोरच्या रांगेतले लोक मागे वळले. कुणीतरी "श्शू" केलं. डोअरकीपर वाकत वाकत माझ्याकडे यायला निघाला. माझ्या डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचायला लागले आणि मला एवढंच वाटत होतं की मी तिचा शेवटचा कार्यक्रम मारला, चोवीस वर्षं राखलेला मीच मारला.

मग आवाज कमी झाला. म्हणजे माझा नाही. माझा चालूच होता.

ताईने हात पियानोच्या पट्ट्यांवरून उचलून मांडीवर ठेवले होते. ओळीच्या मध्यावर, सूर अर्धा ठेवून. सभागृहात हजारभर माणसं होती आणि रेडिओवर किती होती देव जाणे. ती स्टुलावर वळली आणि रांगांमध्ये मला शोधू लागली, जणू मी कुठे बसते हे तिला माहीतच नव्हतं.

"माझी धाकटी बहीण आहे," ती म्हणाली. लोकांना सांगितलं तिने. "तिला पाणी द्या कुणीतरी. तिचं होऊ दे, मग पुढे जाऊ."

डोअरकीपर पाणी आणायला अक्षरशः धावला. तेवढ्यात शेजारच्या रांगेतून एक बाटली आली, मागून दुसरी. मी प्यायले. ठसका लागला. पुन्हा प्यायले. कुणी हललं नाही. ताई स्टेजवरून बघत होती, हात तसेच मांडीवर.

"सावकाश," ती म्हणाली. "घाई नाही."

माझा श्वास जागेवर यायला जेवढा वेळ लागला तेवढा लागला. मी हात वर करून खूण केली, झालं.

"नक्की?"

"हो गं."

"कुठून घेऊ?" तिने विचारलं. सगळ्यांसमोर, मला, चष्म्याच्या काचा घासणारीला.

"वळणापासून," मी म्हटलं. आवाज घोगरा फुटला. "खाली."

ती खाली उतरली आणि पहिला भाग संपवला. मग दुसरा, मग तिसरा. अंगठ्याने दोन ठिकाणी दगा दिला म्हणतात. मला ते ऐकू आलं नाही, मी रडत होते. समीक्षकांनी दुसऱ्या दिवशी लिहिलं की कार्यक्रमात दुर्दैवी व्यत्यय आला. ह्यांनी तेही कात्रण कापलं.

रेडिओवाल्यांनी रेकॉर्डिंगची एक प्रत ताईला दिली आणि तिने ती मला आणून दिली, म्हणाली, "तूच ठेव, मला ऐकवत नाही." तेरा मिनिटं होईपर्यंत मी ते पुढे सरकवते. मग एक मिनिट पन्नास सेकंद मी नीट ऐकते आणि बंद करते. त्यात माझा खोकला आहे, कुणाची तरी खुर्ची वाजते, दोन-तीन वाक्यं आहेत आणि मध्ये बराच वेळ काहीच नाही. ह्यांना वाटतं यंत्र बिघडलंय. मी त्यांना सांगते, गप्प बसा, ताई थांबलीय.